काकांचं कलम टिडलीविकीत: ज्याच्या त्याच्या गतीने शिकता येईल असा अभ्यासक्रम कसा बांधावा

नागपुरात काटोल रोडला आमच्या काकांची संत्र्याची रोपवाटिका आहे. दर हिवाळ्यात डोळे बांधायला, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा डोळा (कळी) काढून दुसऱ्या रोपाच्या खोडावर, म्हणजे खुंटावर, कलम करायला नवी पोरं येतात आणि काका प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतात, “खुंट पेन्सिलीएवढा झाल्याबिगर डोया नाई बांधाचा, पोट्टेहो.” एखादा दोन दिवसांत शिकतो, एखाद्याला पंधरवडा लागतो, आणि काका एकटे. म्हणून त्यांचं शिकवणं मी टिडलीविकीत, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टिपणांच्या संगणकी वहीत उतरवलं. शिवणकाम असो की सावजी मसाला, रीत हीच.

टिडलीविकी जेरेमी रस्टन यांनी २००४ साली आणली. ती मोफत आहे आणि अख्खी विकी एकाच एचटीएमएल फायलीत मावते, त्यामुळे शेतात नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. अधिकृत संकेतस्थळावरून कोरी फाईल उतरवून घ्या. जतन करण्याबाबत मात्र आधीच सावध व्हा. जतन करायचं बटण लाल दिसलं की काहीतरी जतन व्हायचं राहिलंय. ब्राउझर बहुधा दर वेळी नवी प्रत डाउनलोड्समध्ये टाकतो. मी एकदा जुन्याच प्रतीत लिहीत बसलो आणि सगळी संध्याकाळ वाया गेली. टिडलीडेस्कटॉप हे टिडलीविकीसाठीचं संगणकावरचं ॲप वापरलं तर ही कटकट राहत नाही.

लिहिण्याआधी जाणत्या माणसाचे हात पाहा. काका सांगताना पाच गोष्टी सांगतात, करताना बारा करतात. त्या बारांची बारा कार्डं करा. टिडलीविकीत कार्डाला टिडलर म्हणतात. अधिकच्या खुणेवर टिचकी मारली की नवं कार्ड उघडतं. शीर्षक कामाचं ठेवा: ‘जंबेरीचा खुंट निवडणे’ (जंबेरी हे खुंटासाठी लावतात ते लिंबाच्या जातीचं झाड), ‘डोळा काढणे’, ‘पट्टी बांधणे’. ‘प्रकरण १’ असं नाव दिलं तर अडलेल्या पोराला काहीच सापडत नाही.

कार्डात काय करायचं ते लिहा आणि का करायचं तेही. डोळा जमिनीपासून साधारण २५ सेंमीवर बांधायचा, कारण डिंक्याची (खोडातून डिंक गळायला लावणाऱ्या रोगाची) बुरशी मातीत असते आणि कलमाचा सांधा मातीपासून दूर हवा. असं कारण मोठं झालं की त्याचं वेगळं कार्ड करा आणि [[डिंक्या]] असा दुहेरी चौकटी कंसात दुवा द्या. ज्याला माहीत आहे तो पुढे जाईल, नवखा तिथे थांबेल. कार्डाच्या शेवटी हाताने करायचं एक काम द्या: “दहा खुंट पाहा, बांधण्याजोगे किती ते लिहा.” उत्तर दुसऱ्या कार्डात ठेवा.

आता या सगळ्या कार्डांना ‘डोळा बांधणे’ हा एकच टॅग, म्हणजे गटाचं लेबल, लावा. टॅगवर टिचकी मारली की यादी उघडते. त्यातली नावं ओढून क्रम लावता येतो. हीच अनुक्रमणिका. कंट्रोल पॅनेलमध्ये सुरुवातीचं कार्ड नेमून द्या. फोटो आधी लहान करून घ्या, कारण ओढून टाकलेला फोटो फायलीच्या पोटातच जातो आणि फाईल जड होते.

प्रत्येकाला त्याची स्वतःची प्रत द्या. प्रगती त्याने धड्यात न लिहिता ‘माझी वही’ नावाच्या वेगळ्या कार्डात लिहावी. पुढे धडा सुधारला तर नवी फाईल विकीच्या खिडकीत ओढायची आणि हवी तेवढीच कार्डं निवडून आत घ्यायची; धडा बदलतो, वही शाबूत राहते.

मग एका नवख्याला फाईल द्या, शेजारी बसा आणि बोलू नका. तो मान वर करून तुमच्याकडे पाहील तिथे काहीतरी सुटलंय. आमचा पोरगा ‘साल सुटली की काप द्या’ या ओळीवर थांबला. झाडात रस खेळत असला की साल लाकडापासून सहज सुटते, पाण्याचा ताण असला तर चिकटून राहते. काकांना हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. त्याच दुपारी ‘साल सुटते का पाहणे’ हे तेरावं कार्ड झालं आणि काप देण्याच्या आधी जाऊन बसलं.