आयबीआरचे प्रयोगशाळेत निदान : नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

परराज्यातून आणलेली संकरित गाय घाट उतरून गोव्यातील सत्तरीच्या किंवा सांग्याच्या गोठ्यात येते, चार-पाच दिवसांत तिला ताप चढतो, नाकाडोळ्यांतून स्राव वाहू लागतो आणि पुढे काही आठवड्यांनी त्याच गोठ्यातील सहा-सात महिन्यांची गाभण गाय गाभडते. अशा वेळी इन्फेक्शियस बोव्हाइन रायनोट्रकायटिस, म्हणजे आयबीआर, या रोगाचा संशय घ्यायलाच हवा. तो बोव्हाइन हर्पीसव्हायरस-१ या विषाणूमुळे होतो. मात्र गाय ब्रुसेलोसिसनेही गाभडते आणि लेप्टोस्पायरोसिसनेही, त्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान करणे योग्य नाही.

नमुना घेण्याआधी आपला प्रश्न निश्चित करावा. विषाणू आज जनावराच्या शरीरातून बाहेर पडतो आहे का, हा एक प्रश्न. तो पूर्वी कधी शरीरात शिरला होता का, हा दुसरा. पहिल्यासाठी स्वॅब (स्राव टिपणारा बोळा) लागतो, दुसऱ्यासाठी सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा निवळ द्रव), आणि या दोहोंची गल्लत झाली की अहवाल बरोबर असूनही निर्णय चुकतो.

विषाणू शोधायचा असेल तर ताप आणि पातळ स्राव असतानाच, शक्यतो पाच ते दहा जनावरांच्या नाकपुड्यांच्या आतील बाजूस स्वॅब जोर देऊन फिरवावा; स्राव पूसारखा घट्ट झाल्यावर विषाणू सापडण्याची शक्यता कमी होत जाते. स्वॅब पॉलिएस्टरचा आणि प्लास्टिकच्या दांडीचा असावा. तो विषाणू टिकवून ठेवणाऱ्या वाहक द्रवाच्या नळीत बुडवून बर्फाच्या पेटीत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात नमुना वाया जातो, आणि चतुर्थीच्या सुट्ट्यांच्या तोंडावर पाठवलेले पार्सल वाटेतच पडून राहते. म्हणून निघण्यापूर्वी प्रयोगशाळेला फोन करून नमुना कोण व केव्हा स्वीकारणार हे विचारून घ्यावे.

गाभडलेल्या गाईच्या बाबतीत अधिक काळजी लागते. संसर्ग आणि गर्भपात यांत बऱ्याचदा काही आठवडे गेलेले असतात, त्यामुळे आईच्या नाकात विषाणू उरलेला नसतो आणि तिच्या रक्तातील प्रतिपिंडेही (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) आधीच वाढून बसलेली असतात. म्हणून मृत गर्भाचे यकृत, फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड आणि वारेचे तुकडे घ्यावेत : एक संच बर्फावर, पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) व विषाणू-संवर्धनासाठी (पेशींत विषाणू वाढवून पाहण्यासाठी), दुसरा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, ऊतींच्या तपासणीसाठी. संवर्धनाचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला तर तो निकामी झाला असे समजावे. आयबीआर माणसाला होत नाही, पण ब्रुसेलोसिस होतो. तेव्हा हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय वारेला हात लावू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण गोठ्यात ते काम बहुधा घरातली बाईमाणसेच उघड्या हातांनी करतात.

प्रयोगशाळेत पीसीआरने विषाणूचा डीएनए काही तासांत सापडतो. संवर्धनासाठी एमडीबीके या गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरतात. विषाणू असल्यास साधारण तीन-चार दिवसांत पेशी गोल होऊन द्राक्षांच्या घडासारख्या दिसू लागतात.

सीरमसाठी रक्त साध्या, औषध न घातलेल्या नळीत घ्यावे आणि गुठळी बसल्यावर सीरम वेगळे काढावे. गुठळीसकट गोठवल्यास रक्तपेशी फुटतात आणि नमुना बिघडतो. ताजा उद्रेक सिद्ध करण्यासाठी त्याच जनावराचे दोन नमुने दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने घ्यावेत. प्रतिपिंडांची पातळी चौपट किंवा अधिक वाढली असेल, तर संसर्ग नुकताच झाला असे मानतात. सीरममधील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी कळपासाठी सोयीची असून बंगळूरच्या निवेदी या पशुरोग-संशोधन संस्थेने आयबीआरसाठी देशी एलायझा किटही विकसित केले आहे.

अहवाल वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा विषाणू बऱ्या झालेल्या जनावराच्या मज्जागंडिकांत (मज्जातंतूंच्या गाठींत) जन्मभर दडून राहतो आणि प्रवास, विणे किंवा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड यांच्या ताणाने पुन्हा बाहेर पडतो. म्हणून प्रतिपिंडे आढळलेले जनावर, लस दिलेली नसल्यास, धडधाकट दिसले तरी विषाणूचे वाहक मानावे, आणि असा वळू रेतनासाठी वापरू नये. वासरात मात्र चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे सहा महिन्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त काळ टिकतात, त्यामुळे त्याचा निकाल पुढे पुन्हा तपासावा. लस दिली असल्यास ती कोणती हे नमुन्यासोबतच्या फॉर्मवर लिहावे, कारण विषाणूचे जीई नावाचे प्रथिन वगळलेली लस वापरली असेल तरच जीईविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या जीई एलायझाने लस आणि संसर्ग यांत फरक करता येतो.

म्हशी आणि शेळ्यांचे स्वतःचे जवळचे हर्पीसव्हायरस आहेत आणि त्यांची प्रतिपिंडे गाईच्या चाचणीतही उमटू शकतात. त्यामुळे मिश्र गोठ्यातील म्हैस किंवा शेळी एलायझात होकारार्थी आली तर तिला लगेच आयबीआरची ठरवू नये. फॉर्मवर जनावर गाय, म्हैस की शेळी हे ठळक लिहून, विषाणू ओळखणारा पीसीआर करून मागावा.