इंग्रजीत थोरवी आणि सामर्थ्य सांगणारी विशेषणे कशी निवडावीत

शाहू जयंतीची निमंत्रणपत्रिका, पन्हाळ्यासाठी माहितीफलक किंवा महाविद्यालयात येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचा परिचय इंग्रजीत लिहायला बसले की शब्दकोशातून भारदस्त विशेषणे एकापाठोपाठ एक उचलली जातात. 'ग्रेट', 'इलस्ट्रियस', 'एमिनंट', 'ऑगस्ट', 'मायटी', 'फॉर्मिडेबल' यांच्यापुढे 'महान', 'थोर', 'बलाढ्य' असे साधारण सारखेच अर्थ दिलेले असल्याने कोणताही शब्द चालेल असे वाटते. तसे होऊ नये म्हणून ही थोरवी कशामुळे आली आहे, कर्तृत्वामुळे, पदामुळे, दर्शनी रूपामुळे की समोरच्याला वाटणाऱ्या धाकामुळे, हे आधी ठरवावे आणि मगच शब्दाकडे वळावे.

व्यक्तींच्या बाबतीत सर्वाधिक गल्लत 'एमिनंट' आणि 'इलस्ट्रियस' यांत होते. 'एमिनंट' म्हणजे आपल्या क्षेत्रात इतरांपेक्षा वर उठून दिसणारा. त्यामुळे हा शब्द शल्यचिकित्सक, कायदेपंडित, इतिहास संशोधक अशा विद्वानांना शोभतो आणि हयात व्यक्तीच्या परिचयात निर्धास्तपणे वापरता येतो. 'इलस्ट्रियस' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्यात प्रकाशाची, उजळण्याची कल्पना आहे, म्हणून तो कीर्तिमान घराणे, पूर्वज, कारकीर्द यांच्याजवळ चांगला बसतो. दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या प्राध्यापकाला 'इलस्ट्रियस' म्हटले तर त्याचा गौरव होत नाही, उलट तो संकोचतो. 'एमिनंट' लिहिताना 'इमिनंट' होऊ देऊ नये, कारण त्याचा अर्थ 'लवकरच घडणारा' असा आहे आणि संगणकातील शुद्धलेखन तपासणीत ही चूक सहसा सापडत नाही.

'ऑगस्ट' या विशेषणात पदाचा आणि परंपरेचा आदर आहे. इ.स.पू. 27 मध्ये रोमच्या सिनेटने ऑक्टेव्हियनला 'ऑगस्टस' ही पदवी दिली, तिच्यातला शब्द हाच. जुनी विद्वत्सभा, न्यायासन, मान्यवरांचा मेळावा यांना तो साजतो; गल्लीतल्या तरुण मंडळाच्या सभेला मुळीच साजत नाही.

सामर्थ्य सांगताना 'पॉवरफुल' हा सर्वसाधारण शब्द बहुतेक ठिकाणी पुरेसा असतो. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात उतरणाऱ्या मल्लाला 'पॉवरफुल' म्हणावे, थोडा काव्यमय थाट हवा असेल तर 'मायटी' म्हणावे. 'पोटंट' मात्र म्हणू नये. तो शब्द औषध, युक्तिवाद, प्रतीक अशा परिणाम घडवणाऱ्या गोष्टींसाठी आहे, आणि पुरुषाला लावल्यास अर्थ प्रजननक्षमतेकडे झुकतो. 'ऑलमायटी' आणि 'ऑम्निपोटंट' ही विशेषणे ईश्वरासाठीच ठेवावीत. अंबाबाईविषयीच्या मजकुरात ती येऊ शकतात, राजकीय पुढाऱ्याविषयीच्या मजकुरात येऊ नयेत.

'फॉर्मिडेबल' हा माझ्या मते या सगळ्यांत नेमका आणि तरीही कमी वापरला जाणारा शब्द आहे. त्याच्या मुळाशी भीती आहे, म्हणून तो चालून येणाऱ्याच्या नजरेतून सामर्थ्य दाखवतो. 1660 मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर असताना सिद्दी जौहरने वेढा घातला आणि तो अनेक महिने चालला. अशा गडाला 'फॉर्मिडेबल' हेच विशेषण योग्य, आणि गंमत अशी की चिवटपणे वेढा आवळणाऱ्या शत्रूलाही ते तितकेच लागू पडते. याउलट कोल्हापुरात 1884 मध्ये पूर्ण झालेल्या न्यू पॅलेस या राजवाड्याने कोणाला धडकी भरत नाही, त्याच्या भव्यतेने माणूस थबकतो. तेथे 'इम्पोझिंग' किंवा 'मॅजेस्टिक' लिहावे. 'ग्रँडिओज' टाळावे, कारण त्यात पोकळ डामडौलाची टीका आहे.

शब्द ठरला की चांगल्या इंग्रजी कोशातील उदाहरणवाक्ये वाचून तो कोणत्या नामांबरोबर येतो ते पाहावे. मराठी मायन्यात बिरुदे एकापुढे एक लावण्याची रीत आहे आणि ती कानाला गोडही लागते, परंतु इंग्रजी वाक्यात एका नामाला असे एकच विशेषण पुरे. 'मॅग्निफिसंट'सारख्या शब्दाआधी 'व्हेरी' लावू नये. राजर्षी शाहू महाराजांविषयी लिहिताना तर 1902 मध्ये त्यांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, हे वाक्य आधी लिहावे आणि त्यानंतरही विशेषणाची गरज वाटली तर साधे 'ग्रेट' वापरावे.

मजकूर व्यासपीठावरून वाचला जाणार असेल तर निवेदकाला एवढे सांगून ठेवावे की विशेषण असलेल्या 'ऑगस्ट'मध्ये जोर दुसऱ्या उच्चारखंडावर म्हणजे 'गस्ट'वर येतो, महिन्याच्या नावात पहिल्यावर म्हणजे 'ऑ'वर.