फौजीच्या घरचं आयकर रिटर्न: या चुका टाळा

२०२४ च्या जुलैतली रात्र. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप, आयकर पोर्टलवर रिटर्नच्या पडताळणीसाठी आधार ओटीपीची चौकट उघडी. ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर, आणि तो अशा पोस्टवर की लंगरमागच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरामागच्या, एका खडकावर चढलं तरच टॉवर मिळतो. "लिही, चार... सात... शून्य..." आणि फोन कट. पंधरा मिनिटांत ओटीपी मेला. दुसऱ्या दिवशी तेच. मग तो गस्तीवर गेला, इकडे गणपती आले, आणि ते राहूनच गेलं.

रिटर्न अपलोड केलं की काम संपलं, हीच आमची पहिली चूक. अपलोड केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली नाही, तर ज्या दिवशी पडताळणी होईल तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. आमची पडताळणी झाली सप्टेंबरात, म्हणजे ३१ जुलैची मुदत हुकली. पाच हजार विलंब शुल्क लागलं ते सोडा. मुदतीनंतरच्या रिटर्नमध्ये वजावटी देणारी जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. सासूबाई राहतात त्या घराचं कर्ज आमच्या नावावर आहे. त्याच्या व्याजाची वजावट, ८०सी ची बचतीवरची वजावट, फील्ड भत्त्याची सूट, सगळंच हातचं गेलं.

आता मी असं करते. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, जूनच्या मध्यापर्यंत येतो, त्यामुळे शक्य असेल तर सुटी जूनच्या शेवटाला घ्यायला सांगते आणि तो समोर बसलेला असतानाच पडताळणी उरकते. सुटी मिळाली नाही तर बँक खात्यावरून ईव्हीसी, म्हणजे पडताळणीचा कोड, काढता येतो, त्यासाठी खातं पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट करून ठेवायचं. तेही जमत नसेल तर आयटीआर-व्ही, म्हणजे सही करायची पडताळणीची पावती, छापून युनिटच्या एपीओ (लष्करी टपाल) पत्त्यावर पाठवायचा. त्याने शाईने सही करून स्पीड पोस्टाने बंगळुरूच्या सीपीसीला, म्हणजे आयकर खात्याच्या प्रक्रिया केंद्राला, टाकायचा. पण कागद तिथे पोचतो ती तारीख मोजतात, म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ही वाट धरू नका. आणि नवऱ्याच्या लॉगिनमध्ये शिरून सगळं आपणच करण्यापेक्षा, पोर्टलवर दुसऱ्या व्यक्तीला आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार देता येतो. त्याला मुखत्यारपत्र लागतं. ते सुटीत करून ठेवलं की पुढची पोस्टिंग निर्धास्त जाते.

भत्ता पूर्ण माफ नसतो

महूच्या छावणीत किंवा इंदुरात चार फौजी बायका जमल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: "फील्डचा पैसा टॅक्स फ्री असतो ना?" तसं नाही. जुन्या प्रणालीत नियम २बीबी ठरावीक रकमेपुरतीच सूट देतो. फील्ड एरिया भत्त्याला महिना २,६००, मॉडिफाइड फील्डला १,०००, हायली ॲक्टिव्ह फील्डला ४,२००, काउंटर इन्सर्जन्सीला ३,९००. उंचीच्या भत्त्याला ९,००० ते १५,००० फुटांपर्यंत १,०६० आणि त्यावर १,६००. प्रत्यक्ष मिळणारा भत्ता आता याच्या कित्येक पट आहे, पण या मर्यादा जुन्याच राहिल्या. पे स्लिपवरचा आख्खा आकडा सूट म्हणून टाकला की नोटीस येते, आणि तिचं उत्तर देण्यासारखं काही आपल्या हातात नसतं.

नव्या प्रणालीत यातलं काहीच मिळत नाही. तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी बहुतेक जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) नवीच प्रणाली परवडते. कारण ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर शून्य. त्याच्या वर असाल आणि घरकर्ज मोठं असेल, तर दोन्हीकडून हिशोब मांडून पाहा. लेखा कार्यालयाने नव्या प्रणालीने कर कापला असला तरी रिटर्नमध्ये जुनी निवडता येते, फक्त मुदतीच्या आत. आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे. यूट्यूबवरचे नवे कलम क्रमांक बघून गोंधळू नका.

निवृत्तीच्या वर्षाचा सापळा

ही चूक मला सगळ्यात महाग वाटते, कारण ती करणारा माणूस प्रामाणिक असतो. माझे एक मावसदीर सुभेदार मेजर होते. सप्टेंबरअखेर निवृत्त झाले आणि लगेच एका कंपनीत सुरक्षेच्या कामावर लागले. एका वर्षात तीन फॉर्म १६: पगाराचा ७,००,०००, स्पर्शकडून, म्हणजे फौजेच्या पेन्शन यंत्रणेकडून, पेन्शनचा ३,००,०००, नव्या नोकरीचा ३,६०,०००. तिघांपैकी प्रत्येकाला आपलाच तुकडा दिसतो, म्हणून तिघांनी ७५,००० वजा केले आणि तिघांनीही कर शून्य काढला. भावोजी खूश. तीन वजावटी धरल्या तर एकूण ११,३५,०००, म्हणजे खरंच शून्य.

पण प्रमाणित वजावट वर्षाला एकदाच मिळते. १३,६०,००० मधून ७५,००० गेले, उरले १२,८५,०००. आठ लाखांपर्यंत २०,०००, बारा लाखांपर्यंत आणखी ४०,०००, वरच्या ८५,००० वर १५ टक्क्यांनी १२,७५०. बेरीज ७२,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ७५,६६०. बारा लाखांच्या वर गेल्यामुळे कर शून्य करणारी कलम ८७ए ची सूट नाही. शिवाय कुणीच कर कापला नव्हता, म्हणून अग्रिम कर न भरल्याचं व्याज वेगळं.

"वहिनी, मी तर एक पैसा लपवला नाही," असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यावर उपाय सोपा आहे. नव्या नोकरीत रुजू होताना आधीचा पगार आणि पेन्शन लिहून द्यायचं, म्हणजे उरलेल्या महिन्यांत कंपनीच कर कापते. नाहीतर १५ मार्चपर्यंत स्वतः अग्रिम कर भरायचा.

ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग) आणि निवृत्तीच्या वेळची रजेची रक्कम फौजींना पूर्ण करमुक्त आहे. ती रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवा, गाळू नका. कम्युटेशननंतर दरमहा येणारं पेन्शन मात्र करपात्र आहे. नोकरीत असताना एलटीसीबरोबर, म्हणजे प्रवास सवलतीबरोबर, विकलेली दहा दिवसांची रजा, तीही करपात्र.

सासूबाईंचं पेन्शन

माझे सासरे फौजेतच होते. ते गेल्यावर सासूबाईंना साधं कौटुंबिक पेन्शन मिळतं. मी पहिल्या वर्षी ते पगाराच्या रकान्यात टाकून मोठी वजावट घेतली होती. कौटुंबिक पेन्शन पगार नसतो, ते 'इतर स्रोत' खाली येतं. त्यावर एक तृतीयांश किंवा २५,००० यातली कमी रक्कम वजा होते. जुन्या प्रणालीत ही मर्यादा १५,००० आहे.

उलटी चूकही होते. कामगिरीवर असताना जवान गेला असेल, तर कलम १०(१९) प्रमाणे त्याच्या पत्नीला आणि मुलांना मिळणारं कौटुंबिक पेन्शन पूर्ण करमुक्त आहे. परमवीर, महावीर, वीर चक्र आणि अधिसूचित शौर्य पदकांच्या मानकऱ्यांचं पेन्शनही १०(१८) खाली करमुक्त. अशा घरांत पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, वाचायला कुणी बसत नाही आणि वर्षानुवर्षं कर भरला जातो. तेव्हा आधी पीपीओ काढा.

अपंगत्व पेन्शनवर महूच्या सीएसडी कॅन्टीनच्या रांगेत मी भांडणं ऐकली आहेत. २४ जून २०१९ चं आयकर मंडळाचं परिपत्रक सांगतं की सेवेमुळे आलेल्या किंवा वाढलेल्या अपंगत्वापायी सेवेतून मुक्त केलेल्यांनाच सूट आहे, वय पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही. तुमच्या कागदांवर निवृत्तीचं कारण काय लिहिलंय ते पाहूनच सूट टाका. मित्राला मिळाली म्हणून टाकू नका.

बायकोच्या नावावरची एफडी

आमच्याकडे पगारातला मोठा वाटा थेट बायकोच्या खात्यात येतो, घर तिलाच चालवायचं असतं. समजा, त्यातून तिने आठ लाखांची एफडी केली. "माझं तर उत्पन्नच नाही" म्हणत बँकेत व्याजावर कर कापू नका असं सांगणारा फॉर्म १५जी भरला आणि विषय संपवला. पण नवऱ्याने दिलेल्या पैशावरचं व्याज कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. सात टक्क्यांनी ते ५६,००० होतं, आणि बारा लाखांच्या सीमेवरच्या पगाराला करात ओढायला तेवढंही पुरतं. अल्पवयीन मुलांच्या नावावरच्या व्याजाचंही तेच, ते जास्त कमावणाऱ्या पालकाकडे जातं. शिकवण्या किंवा शिवणाचं तुमचं उत्पन्न मात्र तुमचंच, त्यासाठी स्वतःचं रिटर्न भरा.

थकबाकी आली असेल, वन रँक वन पेन्शनची किंवा पदोन्नतीची, तर कलम ८९ ची (थकबाकी एकदम आल्याने वाढणाऱ्या करावरची) सवलत घेण्याआधी फॉर्म १०ई भरा, मगच रिटर्न. क्रम चुकला की सवलत नाकारतात. दहा लाखांच्या वरची गाडी घेतली असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा केलेला कर) २६एएस या तुमच्या कर-जमा विवरणात दिसेल, तो परत मागता येतो. अग्निवीर मुलगा असेल तर सेवेच्या शेवटी मिळणारा सेवानिधी करमुक्त आहे, एवढं त्याला सांगून ठेवा.

आणि रिफंड काढून देणारे. छावणीजवळच्या एका एजंटने आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचं रिटर्न भरलं, ३८,००० रिफंड आला, दहा टक्के त्याने घेतले. मी उघडून पाहिलं तर राजकीय पक्षाला देणगी आणि न दिलेलं घरभाडं. राहायला सरकारी क्वार्टर. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींवर देशभर मोहीम उघडली, तेव्हा शेजारीण रात्री साडेदहाला दार वाजवून आली. अपडेटेड, म्हणजे उशिरा दुरुस्त केलेलं, रिटर्न भरलं. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या वर्षात असल्यामुळे कर आणि व्याजावर २५ टक्के जादा पडले. एजंटला फोन लावला, तर नंबर बंद.