सिव्हिलायझेशन सिक्समध्ये घोडे, लोखंड, तेल विकायचं कसं आणि कुणाला विकायचं नाही

आमच्या मामांचा बैलांचा व्यवहार होता, हुक्केरीकडचं गाव. बाजारात दलाल टॉवेलखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगायचा, बाजूला उभा असलेल्यालाही आकडा कळायचा नाही. लहानपणी मी ते नुसतं बघत बसायचो. मामा भावासाठी तासभर घासाघीस करायचे, पण त्याआधी एक विचारायचे, कुठल्या गावचा गिऱ्हाईक? ज्याच्याशी बांधावरनं भांडण चालू आहे त्याला चांगला बैल कधी दिला नाही त्यांनी, कितीही पैसे देऊ दे.

सिव्हिलायझेशन सिक्स खेळताना मला हेच आठवतंय. हा कॉम्प्युटरवरचा टर्न-टर्ननं, म्हणजे पाळीपाळीनं चालणारा गेम आहे, प्रत्येकजण एक सिव्ह, म्हणजे एक राष्ट्र चालवतो, शहरं वसवतो, फौज उभी करतो आणि बाकीच्यांशी व्यवहार नाहीतर युद्ध करतो. बेळगावात आम्ही चार-पाच पोरं हा गेम मनापासून खेळतो आणि नवीन खेळणारा हमखास एकाच ठिकाणी मार खातोय, गोल्ड, म्हणजे गेममधला पैसा, कमी पडला की जो समोर येईल त्याला लोखंड विकून टाकतोय. म्हणून सगळं नीट लिहून काढलं. हे नियम गॅदरिंग स्टॉर्मचे आहेत, ते एक्स्पान्शन, म्हणजे गेमची वाढीव आवृत्ती, फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं आणि तेव्हापासून स्ट्रॅटेजिक रिसोर्सचा, म्हणजे फौजेला लागणाऱ्या घोडे, लोखंड, तेल अशा मालाचा, साठा व्हायला लागला, त्याआधी नुसतं तुमच्याकडं किती खाणी आहेत एवढंच मोजायचं.

आधी स्वतःचा साठा बघा. स्क्रीनच्या वर घोडे, लोखंड यांचे आकडे दिसतात. एका लोखंडाच्या खाणीतनं टर्नला २ मिळतंय, घोड्यांच्या कुरणातनंही २, आणि साठ्याची मर्यादा सुरुवातीला ५० असते, एन्कॅम्पमेंटमध्ये, म्हणजे शहराच्या लष्करी छावणीत, बॅरॅक्स वगैरे बांधलं की प्रत्येक इमारतीमागं १० वाढते. दोन खाणी असल्या तर तेराएक टर्नमध्ये कोठार भरतंय आणि त्यापुढचं सगळं वाया जातंय, कुणी सांगत पण नाही. म्हणून ४० च्या आसपास आलं की विकायचा विचार सुरू करा. पण एक स्वोर्ड्समन, म्हणजे तलवारवाली तुकडी, करायला २० लोखंड लागतं, हॉर्समनला २० घोडे, म्हणजे पुढच्या दहा टर्नमध्ये तुम्ही काय बनवणार हे ठरवून तेवढं बाजूला ठेवा आणि उरलेलंच बाजारात काढा.

आता खरा मुद्दा, कुणाला द्यायचं. मी एकदा सिथिया या सिव्हच्या टोमिरिस राणीला, जिला कॉम्प्युटर चालवत होता, ४० घोडे विकले, दोन वेळा वीस-वीस करून, पैसे बरे मिळाले म्हणून. सिथियाचं वैशिष्ट्य असं आहे की लाईट कॅव्हलरीचं, म्हणजे हलक्या घोडदळाचं, एक युनिट बनवलं की दुसरं फुकट मिळतंय. माझ्याच घोड्यांवर बसून तिची फौज माझ्या दुसऱ्या शहरावर आली आणि ते शहर गेलं, त्या गेमचं मला आजही वाईट वाटतंय. तेव्हापासून डील करण्याआधी मी तीन गोष्टी बघतोच बघतो: समोरच्याची हद्द माझ्या हद्दीला लागून आहे का, हा रिसोर्स त्याच्याकडं आधीच आहे का, आणि त्याच्या सिव्हची खास ताकद ह्याच रिसोर्सवर चालते का. शेजारी आहे आणि त्याच्याकडं लोखंड नाही, तर त्याला लोखंड देऊच नका की, तो वॉरियर, म्हणजे सुरुवातीचे साधे सैनिक, घेऊन फिरतोय तोवर तुम्ही निवांत आहात. त्यापेक्षा त्या शेजाऱ्याच्या पलीकडं जो आहे त्याला द्या. तो तगडा झाला की तुमच्या शेजाऱ्याला पाठ सांभाळावी लागतीया आणि तुमच्याकडं बघायला त्याला वेळ मिळत नाही.

भाव काढताना घाई नको. डील करायला टर्न खर्च होत नाही, त्यामुळं एकाच टर्नमध्ये सगळ्या लीडरची दारं वाजवा. २० लोखंड टेबलावर ठेवा आणि याबदल्यात काय देणार हे विचारणारं बटण दाबा, आकडा बघा, स्वीकारू नका, बाहेर या, पुढच्याकडं जा. कुणाकडं गोल्डच नसतं, कुणी नाराज असला तर तोंडाला पानं पुसतोय, म्हणून गेमच्या सुरुवातीलाच २५ गोल्ड घालून प्रत्येकाकडं डेलिगेशन, म्हणजे मैत्रीचं शिष्टमंडळ, पाठवून ठेवा, पुढच्या व्यवहारात तो खर्च निघतो. समोरचा स्वतःहून डील घेऊन आला तर ते आहे तसं घेऊ नका, आधी थोडं वाढवून मागून बघा.

विकताना रोख घ्या. साठ्यातला माल एकदम त्याच्याकडं जातोय, पण टर्नमागं गोल्ड ठरवलं तर ते स्टँडर्ड स्पीडला, म्हणजे गेमच्या नेहमीच्या वेगाला, ३० टर्न थोडं थोडं येत राहतंय आणि मधेच युद्ध झालं की उरलेलं बुडालं. ज्याच्याशी डिक्लेअर्ड फ्रेंडशिप, म्हणजे जाहीर मैत्रीचा करार, आहे तो ती संपेपर्यंत युद्ध करू शकत नाही, तिथं हप्ता चालेल, बाकी ठिकाणी नाही. विकत घेताना मात्र उलटं, हप्त्यानं द्या.

कोळसा आणि तेलाच्या काळात हिशोब बदलतोय. इन्फंट्री, टँक दर टर्नला तेल खातात, तेल संपलं की त्यांची ताकद उतरते, म्हणून तेलाचा साठा भरलेला दिसला तरी टर्नला किती येतंय आणि किती जातंय ते बघूनच विका. लोखंडही आता टाकाऊ नसतं, रेल्वेच्या प्रत्येक टाइलला, म्हणजे नकाशावरच्या घराला, १ लोखंड आणि १ कोळसा लागतो. सोरा, म्हणजे गेममधलं नायटर, मस्केटमनचा, म्हणजे बंदूकवाल्यांचा, काळ गेला की बिनधास्त काढा. आणि कोळसा विकताना समुद्राकडं बघा, कारण गिऱ्हाइकानं तो जाळला की कार्बन वाढतो, पाणी चढतं आणि तुमचीच किनाऱ्यावरची सखल जमीन बुडते. अल्युमिनियम रेडिओ हे तंत्रज्ञान आल्यावर नकाशावर दिसतं. आमच्या बेळगावात बॉक्साइटपासून अल्युमिना काढायचा कारखाना आहे, त्यामुळं ते चिन्ह दिसलं की मला उगाच बरं वाटतंय, आणि विमानं करायची असतील तर ते विकू नका.

गोकाकचा माझा दोस्त, घरात कन्नड आणि माझ्याशी मराठी, तो आणि मी मल्टिप्लेअर, म्हणजे कॉम्प्युटरऐवजी एकमेकांशी, खेळतो तेव्हा बटण दाबून भाव कळत नाही. तिथं तुमची गरज लपवायला लागतीया. स्वोर्ड्समन करायचे असतील तर मी त्याच्याकडं आधी घोडे मागतो, दोन-तीन टर्न त्यावरच बोलतो आणि मग लोखंडाचं सहज विचारतो. लाईट जायची भीती असेल तर मोठ्या डीलआधी सेव्ह करून घ्या.

आणि शेजाऱ्यानं तुम्हाला डिनाउन्स केलं, म्हणजे तुमचा जाहीर निषेध केला, की त्याच टर्नला त्याचा माल बंद करा, त्यानंतर ५ टर्न झाल्या की तो फॉर्मल वॉर, म्हणजे रीतसर युद्ध, लावू शकतो. सीमेवरच्या शहरात भिंती बांधायला घ्या, आणि हातात आलेलं गोल्ड साठवत न बसता तिथले आर्चर (तिरंदाज) त्याच टर्नला क्रॉसबोमन करून टाका.