अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करताय? या चुका टाळा

दरवर्षी गणपतीचं विसर्जन झालं की बारावीतल्या मुलांचे मला मेसेज यायला लागतात. ‘काका, कॉमन ॲपचा निबंध पाठवलाय, जरा बघाल का?’ (कॉमन ॲप म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांना एकत्र अर्ज करायचा ऑनलाइन फॉर्म.) निबंध उघडण्याआधी मी उलट विचारतो, ‘कुठल्या युनिव्हर्सिटीत भरतोयस, आणि तिथे नेमकं कुठे?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याला बहुतेक मुलं गप्प होतात. सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच असते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

युनिव्हर्सिटी बघितली, दार नाही बघितलं

इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचा फॉर्म भरताना आपण कॉलेज आणि ब्रँच एकत्रच बघतो. अमेरिकेचं नाव निघालं की मात्र तीच माणसं सांगतात, ‘तिकडे मेजर, म्हणजे मुख्य विषय, नंतर ठरवता येतो.’ काही ठिकाणी हे शंभर टक्के खरं आहे. एमआयटीत पहिल्या वर्षाच्या शेवटी मेजर निवडायचा असतो, स्टॅनफर्डमध्ये दुसऱ्या वर्षाच्या शेवटपर्यंत. तिथे अर्जात कॉम्प्युटर सायन्स लिहिलंत तरी ती फक्त तुमची आवड म्हणून वाचली जाते, जागा विभागाप्रमाणे वाटलेल्या नसतात.

पण कार्नेगी मेलनचं स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्स हे १९८८ पासून युनिव्हर्सिटीच्या आतलं स्वतंत्र कॉलेज आहे. तुमचा अर्ज त्या कॉलेजसाठी वाचला जातो आणि दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेऊन मागाहून तिथे शिरणं फार अवघड आहे. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ॲलन स्कूलमध्ये, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या विभागात, थेट प्रवेश मिळाला नाही, तर नंतर मिळेल या आशेवर येण्याआधी नीट विचार करा, असं तेच लोक सांगतात. टेक्सासमधल्या हुशार मुलांना राज्याच्या कायद्याप्रमाणे वर्गातल्या क्रमांकावर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या ऑस्टिन कॅम्पसला आपोआप प्रवेश मिळतो, पण तो युनिव्हर्सिटीत. कॉम्प्युटर सायन्सची जागा त्याच्याबरोबर येत नाही.

माझ्या भाच्याला एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या विषयाला प्रवेश मिळाला होता. मीच त्याला म्हटलं, ‘जा बिनधास्त, वर्षभरात बदलून घे.’ माझ्या ओळखीच्या चार जणांनी तसं केलेलं होतं, पण दहा वर्षांपूर्वी. मधल्या काळात नियम बदलले होते आणि मी ते तपासले नव्हते. पोरगा दोन सेमिस्टर रात्र-रात्र जागून अभ्यास करत राहिला, जवळपास सगळे ‘ए’ आणले, आणि तरीही त्याला नकाराचा ईमेल आला. आज तो संख्याशास्त्रात रमलाय, पण त्या वर्षातला त्याचा फोनवरचा आवाज मी विसरलेलो नाही. आता मी निबंधाच्या आधी दार विचारतो ते त्यामुळे.

जुना सल्ला किती धोक्याचा असतो याचं ठळक उदाहरण बर्कलीचं. तिथे पूर्वी लेटर्स अँड सायन्स या कॉलेजात प्रवेश घ्यायचा, ठरलेल्या सुरुवातीच्या कोर्सेसमध्ये ३.३ जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) आणायचा आणि कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं, असा सरळ रस्ता होता. २०२३ च्या प्रवेशापासून तो बंद झाला. आता अर्जातच विषय मागावा लागतो, आणि तो विषयही कम्प्युटिंग, डेटा सायन्स अँड सोसायटी या नव्या कॉलेजात गेलाय. तेव्हा २०२१ साली गेलेल्या दादाचं ऐका जरूर, पण फॉर्म त्याच्या सांगण्यावर भरू नका.

प्रत्येक युनिव्हर्सिटीसाठी वहीचं एक पान करा. प्रवेश कॉलेजनुसार आहे की एकत्र? दुसरी पसंती म्हणून दिलेला विषय वाचला जातो का? आतून बदलायचं असेल तर नियम काय, आणि तो कुठल्या सालापासूनचा? याची उत्तरं विभागाच्या स्वतःच्या पानावर शोधा. नाही सापडली तर ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा. दोन ओळींत साधं विचारलं की उत्तर येतं.

चोरवाट म्हणून निवडलेला विषय

इलिनॉयच्या अर्बाना-शँपेनला ‘सीएस प्लस’ म्हणून फार सुंदर पदव्या आहेत: कॉम्प्युटर सायन्स आणि भाषाशास्त्र, संगीत, खगोलशास्त्र, अगदी पीकशास्त्रसुद्धा. शेतकऱ्याच्या घरातल्या, जमिनीच्या ओलाव्याचं सेन्सर बसवून बघितलेल्या मुलीसाठी ती पीकशास्त्राची पदवी सोन्यासारखी आहे. पण इथे गर्दी कमी असेल अशा हिशेबाने ती निवडणारा मुलगा पीकशास्त्रच का, याचं उत्तर लिहायला बसतो आणि तिसऱ्या ओळीत थांबतो. अर्ज वाचणाऱ्याला ते कळतं. आणि स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी, जिथे विषयाप्रमाणे जागाच नाहीत, तिथे उगाच इतिहास लिहून काहीच साधत नाही. अर्जात मांडलेल्या तुमच्या दहा ॲक्टिव्हिटीजमध्ये, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांत, इतिहासाचा मागमूस नसतो.

मोठे शब्द, हरवलेलं काम

कॉमन ॲपमध्ये दहा ॲक्टिव्हिटीज मांडता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. मोकळ्या जागासुद्धा त्यातच मोजल्या जातात. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो, तिथे फक्त चार ॲक्टिव्हिटीज. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात वीस नोंदी मावतात. एकच यादी तिन्हीकडे चिकटवणं ही चूक आहेच, पण त्याहून मोठी चूक त्या १५० अक्षरांत होते.

संगमनेरकडच्या एका मुलाने लिहिलं होतं, अर्थात इंग्रजीत: ‘तंत्रज्ञानाच्या साहाय्याने ग्रामीण समाजाचं सक्षमीकरण करणारं नाविन्यपूर्ण ॲप विकसित केलं.’ मी विचारलं, म्हणजे काय केलंस? तो म्हणाला, काकांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळी साडेपाचला रांग लागते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर असं सगळं हाताने वहीत लिहायचे आणि दहा दिवसांनी पगाराच्या वेळी भांडणं व्हायची. याने मोबाइलवर नोंद करून छोट्या थर्मल प्रिंटरवर पावती द्यायची सोय केली. इथपर्यंत ठीक. मग म्हणाला, ‘पण प्रिंटर मराठी छापतच नव्हता. नावाच्या जागी नुसते चौकोन यायचे.’

त्या प्रिंटरमध्ये देवनागरीचा फाँटच नव्हता. इंग्रजीत नाव छापलं तर म्हाताऱ्या शेतकऱ्यांना पावती कुणाची ते कळेना. शेवटी त्याने प्रत्येक ओळ आधी मोबाइलवर चित्र म्हणून काढली आणि ते चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी प्रिंटरला पाठवलं. आता छपाई इतकी हळू झाली की रांग खोळंबली. मग जी अक्षरं पावतीवर रोज तीच असतात त्यांची चित्रं एकदाच करून साठवली आणि बदलणारे आकडे तेवढे प्रिंटरच्या स्वतःच्या फाँटमध्ये छापले. रांग पुन्हा सरकायला लागली.

मी म्हटलं, अरे, हेच तर कॉम्प्युटर सायन्स आहे! आणि यातला एक शब्द तुझ्या अर्जात नाही. त्याचा मूळ निबंध ‘लहानपणी बाबांनी घरी लॅपटॉप आणला आणि माझं आयुष्य बदललं’ असा सुरू होत होता. तो आम्ही पूर्ण बाजूला ठेवला. नवा निबंध चौकोन छापलेल्या पावतीपासून सुरू झाला, आणि ६५० शब्दांच्या मर्यादेत त्यात एक आजीबाईही मावल्या, ज्यांनी पहिली मराठी पावती घडी करून कनवटीला लावली होती.

तुमच्याकडे असं काही नाही असं वाटत असेल तर एक करून बघा. तुम्ही केलेल्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये काय चाललं नाही, ते कसं शोधलंत आणि त्यासाठी काय सोडून द्यावं लागलं, हे धाकट्या बहिणीला मराठीतून सांगा. ती जिथे ‘मग?’ म्हणेल तिथे निबंध आहे. एआयकडून मात्र लिहून घेऊ नका. एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरतं, शिवाय तो चौकोन त्याला कधीच सुचणार नाही.

जाता जाता सर्टिफिकेटांबद्दल. पैसे भरून महिन्याभरात छापून मिळणारा ‘रिसर्च पेपर’, दोन दिवसांच्या वर्कशॉपचं प्रमाणपत्र, बारावीच्या तोंडावर काढलेली संस्था, यांच्यावर घरचे लाख-लाख रुपये खर्च होताना बघून वाईट वाटतं. त्यापेक्षा यूएसएको ही प्रोग्रॅमिंगची स्पर्धा घरबसल्या, फुकट देता येते. ब्राँझवरून सिल्व्हरवर गेलात तरी त्यात तुमची मेहनत दिसते. भारतातल्या कम्प्युटिंग ऑलिंपियाडच्या झिओ आणि पुढच्या इनोई या परीक्षेतही मेहनत तशीच दिसते. आणि गणित सोडू नका. वरच्या कॉलेजांत प्रोग्रॅमिंग येणारी मुलं पुष्कळ येतात, वाचणारा गणिताची तयारीही तितक्याच बारकाईने बघतो.

अकरावीला कोण विचारतं?

अमेरिकेतलं कॉलेज विचारतं. त्यांना नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण लागतात, आणि अर्जाच्या वेळी हातात असलेलं शेवटचं पूर्ण वर्ष म्हणजे अकरावी. आपल्याकडे क्लासचं टाय-अप असलेल्या ज्युनिअर कॉलेजात जेईईच्या नादात अकरावी वाऱ्यावर सोडतात. दहावीला ९६ आणि अकरावीला ६४ टक्के असं ट्रान्सक्रिप्ट समोर आलं की वाचणाऱ्याला वाटणार, याचं काहीतरी बिनसलं. तुम्ही अकरावीत असाल तर वार्षिक परीक्षा मनापासून द्या. बारावीत असाल आणि गुण पडून गेले असतील, तर ॲडिशनल इन्फर्मेशनच्या रकान्यात कारण तीन-चार वाक्यांत सरळ लिहा, आणि तुमच्या ज्युनिअर कॉलेजच्या पत्रातही ते येऊ द्या.

नववीच्या गुणपत्रकासाठी जुन्या शाळेत जावं लागतं. क्लार्ककाकांना रजिस्टर शोधायला वेळ लागतो, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, सगळं आलं. हे काम जुलैतच उरका.

शिफारसपत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. वर्गात कधी बसलाच नाहीत तर लिहिणार कोण? मग सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे करू नका. एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःचं केलेलं कौतुक पहिल्या परिच्छेदात ओळखू येतं. ज्यांनी तुम्हाला चुकताना पाहिलंय अशा शिक्षकांकडे जा, प्रॅक्टिकलला शेजारी उभे राहणारे फिजिक्सचे सर असतील तरी चालतील. त्यांना पत्र नाही, आठवणी द्या: कुठला प्रयोग फसला, तुम्ही काय विचारलं होतं.

एमआयटी दोन पत्रं मागते, एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि दुसरं भाषा, मानव्य किंवा सामाजिक शास्त्राच्या. ही दुसरी अट वाचून मुलं घाबरतात, पण माझ्या मते ही तर संधी आहे. एका मुलीच्या मराठीच्या बाईंनी तिच्याबद्दल मराठीतच दोन पानं लिहिली. व्याकरणाच्या तासाला तिने संधीचे नियम प्रोग्रॅमसारखे मांडून दाखवले होते आणि ‘बाई, हा अपवाद कुठे बसवायचा?’ म्हणून तास संपल्यावरही थांबली होती. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी भाषांतर केलं, दोन्ही प्रती गेल्या. इतकं जिवंत पत्र मी क्वचितच वाचलंय.

दिवाळीची सुट्टी आणि कॅलिफोर्नियाचं घड्याळ

अर्ली अर्जांची, म्हणजे नेहमीच्या फेरीआधी करायच्या अर्जांची, मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि त्याच सुमारास शाळा-कॉलेजं दिवाळीसाठी बंद असतात. २०२४ मध्ये तर १ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होतं. प्राचार्य गावाला, ऑफिसला कुलूप, आणि ज्युनिअर कॉलेजने द्यायचा रिपोर्ट अपलोड व्हायचा बाकी! दसऱ्यापर्यंत कॉलेजकडची कामं संपवायचीच असं ठरवून टाका.

कॉमन ॲपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार असते. म्हणजे पुण्यात बसलेल्या मुलासाठी रात्री ११:५९ म्हणजे पुण्याचेच. ‘अमेरिकेत अजून दुपार आहे’ म्हणून थांबाल तर अर्ज गेला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं घड्याळ मात्र पॅसिफिक वेळेवर चालतं, तिथल्या रात्रीचे ११:५९ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १:२९.

पैशांबद्दल उशिरा बोलणं

हे बोलणं अर्जाच्या आधी, आई-बाबांसमोर बसूनच व्हायला हवं. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला की जायचं, असा शब्द तुम्ही दिलेला असतो. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी मुलाचा अर्जही पैशांकडे न बघता वाचतात. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत देत नाही, मग मदतीशिवाय जमणार नसेल तर तिथे चार कॅम्पस भरून अर्जाची फी वाया कशाला घालवायची? आणि मदत हवी असेल तर ती पहिल्याच अर्जात मागा. ‘आधी प्रवेश मिळू दे, मग बघू’ हे बऱ्याच कॉलेजांत चालत नाही.

अर्ज गेल्यावर

डिफर झालात, म्हणजे अर्ली अर्जाचा निर्णय पुढे ढकलला गेला, तर एकच पत्र पाठवा, त्यात नवीन घडलेलं काही असेल ते लिहा. दर आठवड्याला ईमेल नको. एमआयटी सगळ्या अर्जदारांकडून फेब्रुवारीत सहामाहीचे गुण आणि ताजी माहिती मागते. तो फॉर्म बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या गडबडीत राहून जातो, म्हणून मोबाइलवर आजच रिमाइंडर लावा. बारावीचा निकालही प्रवेशाच्या अटीत असतो, तेव्हा मार्चमध्ये पत्र आलं म्हणून पेपरांकडे दुर्लक्ष नको.

आणि प्रवेश मिळाला पण कॉम्प्युटर सायन्सला नाही, असं झालं तर १ मेपर्यंत उत्तर देण्याआधी विभागाच्या ॲडव्हायझरला विचारा: गेल्या वर्षी बाहेरच्या विषयातून किती जणांनी अर्ज केला आणि किती घेतले? आकडा मिळाला नाही तर ते दार बंद आहे असंच धरा. मग दुसरा प्रश्न विचारा, मिळालेला विषय करताना कॉम्प्युटर सायन्सचे कुठले कोर्सेस घेता येतील आणि त्यात नाव नोंदवताना पहिला हक्क कुणाचा. माझ्या भाच्याने हे दोन प्रश्न दुसऱ्या वर्षी विचारले होते.