फोकसच्या या चुका टाळा, नाहीतर नजर भलतीकडेच जाते

छायाचित्रातल्या सर्वांत रेखीव भागावर नजर आधी स्थिरावते आणि धूसर भागावरून ती सहज पुढे सरकते, त्यामुळे फोकस कुठे धरला यावर पाहणाऱ्याच्या काय लक्षात राहणार हे बरेचसे ठरते. हा निर्णय कॅमेऱ्यावर सोपवून मोकळे होणे हीच पहिली चूक आहे. फोकसबिंदू, म्हणजे चौकटीत फोकस जिथे धरायचा ती जागा, त्याला निवडू दिला, तर तो बहुधा जवळची वस्तू पकडतो.

मला सर्वाधिक खटकते ती सवय अशी, की मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरायचा, बटण अर्धे दाबून ठेवायचे आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवायची. दूरच्या विषयाला हे चालून जाते, जवळच्या चेहऱ्याला नाही. फोकसची पातळी, म्हणजे जिथले सगळे रेखीव येते तो काल्पनिक सपाट पडदा, कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरला समांतर असल्याने कॅमेऱ्याबरोबर तीही वळते. एक मीटरवरून १५ अंश वळले, की ती डोळ्याच्या सुमारे साडेतीन सेंटीमीटर मागे जाते. आणि त्याच अंतरावर फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ/१.८ ला, म्हणजे अपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) बरेच उघडे असेल, तर रेखीव पट्टा जेमतेम दीड सेंटीमीटरचा असतो.

याच घाईने मी एका मित्राच्या आजीचे छायाचित्र बिघडवले. चेहरा अर्धवट वळलेला होता आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे ठीक वाटले. मोठी प्रिंट भिंतीवर लागली तेव्हा डोळे पुसट होते आणि कानामागच्या श्रवणयंत्राची बारीक नळी मात्र लख्ख दिसत होती. येणारा प्रत्येक जण आजींना कधीपासून कमी ऐकू येते, हेच विचारत असे; त्यांच्या हसण्याबद्दल कोणीच बोलले नाही. तेव्हापासून मी आधी चौकट ठरवतो, मग फोकसबिंदूच जवळच्या डोळ्यावर सरकवतो आणि टिपलेले चित्र तिथेच पूर्ण मोठे करून पापण्यांचे केस मोजता येतात का, ते पाहतो. यात अर्धे मिनिट जाते, आणि तेवढाही धीर नसलेल्यांनी जवळून व्यक्तिचित्रे टिपू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेन्स महाग आहे म्हणून अपर्चर कायम पूर्ण उघडे ठेवू नये. ते जितके उघडे, तितका रेखीव पट्टा अरुंद; दोन माणसे मागेपुढे उभी असतील, तर एकाचा चेहरा हमखास धूसर होतो.

उलट, सगळेच रेखीव ठेवले तर गर्दीच्या दृश्यात नजरेला थांबायला जागा राहत नाही.

हात हलल्याने आलेला धूसरपणा फोकसच्या माथी मारू नये. चौकटीत कुठेच काही रेखीव नसेल आणि सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर शटरचा वेग वाढवावा.