गावातलं प्रत्येक घर नकाशावर आणायचं असेल तर (स्वयंसेवकांना सोबत घेऊन)

गावातली घरं नकाशावर आणायची म्हटलं की सगळे आधी विचारतात कुठलं ॲप वापरू. ॲपचं नंतर बघू, तो भाग सगळ्यात सोपा आहे. आधी कागदावर लिहून काढा की हा नकाशा कोण वापरणार आणि कशासाठी. लसीकरणासाठी घरोघरी जायचंय, रात्री ॲम्ब्युलन्सला घर सापडायला हवंय, डासांची फवारणी करायचीय की पाण्याची लाइन टाकायचीय, त्यावर काय नोंदवायचं ते ठरतं. ॲम्ब्युलन्ससाठी दारापर्यंत गाडी जाते का आणि पावसाळ्यात रस्ता चालू असतो का हे महत्त्वाचं, फवारणीसाठी माणसं झोपतात ती प्रत्येक खोली महत्त्वाची, पाइपलाइनवाल्यांना घर उंचावर आहे की उतारावर ते हवं असतं. कामाला येणार नाही असा एकही प्रश्न फॉर्ममध्ये ठेवू नका, कारण प्रत्येक जादा प्रश्न प्रत्येक दारात विचारावा लागतो आणि दुपारपर्यंत स्वयंसेवक कंटाळून अंदाजे भरायला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर लोक पाच मिनिटंही घालवत नाहीत. घर म्हणजे नक्की काय मोजायचं? एकाच छताखाली दोन भाऊ वेगळे राहत असतील तर ते एक की दोन? एकाच कुटुंबाच्या तीन वेगळ्या खोल्या असतील तर? गोठा, बंद पडलेलं घर, अर्धवट बांधकाम, फक्त पिकाच्या हंगामात राहायला येतात ती शेतातली झोपडी, यांचं काय? बहुतेक ठिकाणी चालतो तो नियम म्हणजे एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, आणि इमारत ही वेगळी नोंद, म्हणजे एका इमारतीला दोन कुटुंबं जोडता आली पाहिजेत आणि एका कुटुंबाला दोन इमारती. तुमचा नियम वेगळा असला तरी चालेल पण तो लिहिलेला असावा आणि सगळ्यांकडे तोच असावा. नाहीतर दोन टीम एकाच वस्तीत जातील आणि घरांचे दोन वेगळे आकडे घेऊन येतील, मग खरा कुठला हे कोणालाच सांगता येणार नाही.

पायी निघण्याआधी घरबसल्या बरंच काम होतं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून चालू असलेला नकाशा आहे, तो कोणीही एडिट करू शकतं, आणि तिथल्या एडिटरमध्ये सॅटेलाइट फोटो बघून इमारती, रस्ते, ओढे काढता येतात. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी असेच फोटो बघून काही दिवसांत तिथले रस्ते आणि इमारती काढल्या, आणि २०१४ ला मिसिंग मॅप्स हा स्वयंसेवकांचा उपक्रम सुरू झाला तो याच कामासाठी. तुमच्या भागाच्या इमारती आधीच काढलेल्या आहेत का ते बघा. गुगल आणि मायक्रोसॉफ्टने कॉम्प्युटरकडून ओळखून घेतलेल्या इमारतींचा डेटाही फुकट मिळतो, त्यात कधी खडक किंवा गवताची गंजी घर म्हणून येते आणि झाडाखालचं घर राहून जातं, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. गुगल मॅप बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मात्र काही उतरवू नका, लायसन्समध्ये बसत नाही, एडिटरमध्ये जी इमेजरी दिलेली असते तीच वापरायची. आणि फोटोची तारीख बघा, जुन्या फोटोत नवी घरं नसणारच.

मग त्या नकाशाचे तुकडे पाडा. सरळ चौकोन पाडले तर एखादं घर मधोमध कापलं जातं आणि दोन्ही टीमना वाटतं की ते दुसऱ्यांचं. हद्द अशी घ्या जी उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसते, ओढा, रस्ता, बांध, कालवा. एका जोडीला एका दिवसात चालून होईल एवढाच तुकडा द्या, आणि घरं विखुरलेली असतील तर घरांचा आकडा न बघता चालायचं अंतर बघून वाटा. प्रत्येक जोडीला तिच्या तुकड्याची छापील प्रिंट द्याच, मोबाइल बंद पडला तरी कागदावर घरावर खूण करून नंबर लिहिता येतो, आणि गावातल्या माणसांना कागद दाखवून विचारलं की "ह्या डोंगरामागं कोण राहतं का" तर उत्तर पटकन मिळतं.

स्वयंसेवक जोडीने पाठवा आणि जोडीतला एकजण त्याच वस्तीतला असू द्या. त्याला माहीत असतं कुठली पाऊलवाट कुठे निघते, कोणाचं घर झाडीत लपलंय, कुठे कुत्रा सोडलेला असतो, आणि मुख्य म्हणजे दार उघडणारा माणूस त्याला ओळखतो. दुसरा बाहेरचा असला तर बरं, कारण स्थानिक माणूस नकळत काही घरं वगळतो, भांडण असलेली, गावाच्या कडेला राहणारी, बाहेरून कामाला आलेल्यांची. नकाशात नेमकी हीच घरं राहून जातात आणि बहुतेक वेळा मदतीची गरज त्यांनाच जास्त असते, म्हणून ट्रेनिंगमध्ये हे आडपडदा न ठेवता बोला. बायका स्वयंसेवक असतील तर पुष्कळ घरांत बोलणं सोपं जातं, आणि त्यांना पाण्याच्या, सरपणाच्या वाटा माहीत असतात ज्या कुठल्याच नकाशावर नसतात.

ट्रेनिंग वर्गात कमी आणि बाहेर जास्त. सगळ्यांना त्याच दहा घरांवर पाठवा, नोंदी आणा आणि एकाच स्क्रीनवर टाका. फरक तिथेच दिसतील आणि त्यावर जी चर्चा होईल तेच खरं ट्रेनिंग.

जीपीएसबद्दल थोडं. मोबाइलच्या जीपीएसला नेट लागत नाही, सिम नसलं तरी चालतं, फक्त नेट नसेल तर पहिल्यांदा लोकेशन पकडायला वेळ लागतो म्हणून निघण्याआधी उघड्यावर चालू करून ठेवा. मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूकता मिळते, पत्र्याखाली, दाट झाडीत, कड्याच्या पायथ्याशी ती बिघडते. म्हणून लोकेशन नेहमी घराबाहेर, मुख्य दारासमोर, थोडं थांबून, स्क्रीनवरचा अचूकतेचा आकडा खाली आल्यावर घ्या. सगळ्यांनी दारासमोरच, कोणी अंगणात कोणी परसात असं नको, कारण घरं चिकटून असतील तर ५-१० मीटरच्या फरकाने बिंदू शेजाऱ्याच्या छतावर पडतो. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, त्याने लोकेशन अडकतं, आणि पॉवर बँक न्या.

ॲप म्हणाल तर ओडीके कलेक्ट किंवा कोबोटूलबॉक्स, दोन्ही ऑफलाइन चालतात आणि नेट आल्यावर डेटा पाठवतात. लोकेशन ॲपमधूनच नोंदवा, हाताने अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहायला लावू नका. लिहावे लागलेच तर दशांश पद्धतीत आणि दशांशानंतर ५ आकडे, कारण ५ आकडे म्हणजे साधारण १ मीटर, ४ म्हणजे ११ मीटर आणि ३ म्हणजे तब्बल ११० मीटर, तेवढ्यात तर अख्खी गल्ली बदलते.

घराचा नंबर आधीच वाटून ठेवा, पहिल्या जोडीला १०१ पासून, दुसरीला २०१ पासून, तुकड्यात शंभराच्या जवळ घरं असतील तर अंतर जास्त ठेवा, म्हणजे एकच नंबर दोन घरांना जात नाही. एकदा दिलेला नंबर कधी बदलायचा नाही, घर पडलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. घरमालकाला विचारून चौकटीवर खडूने लिहा, कोण येऊन गेलं ते पुढच्या जोडीला कळतं. घर बंद असेल तरी बिंदू घ्या आणि "बंद" लिहा, परत जायचं ते वेगळं ठरवा. कोणी नको म्हणालं तर नको, वाद घालू नका, नुसतं "नकार" नोंदवा.

रोज संध्याकाळी डेटा नकाशावर उघडून बघा, आठवड्याने बघू असं करू नका. ओढ्यात पडलेला बिंदू, एकावर एक पडलेले दहा बिंदू (म्हणजे कोणीतरी एका जागी बसून फॉर्म भरलेत), अक्षांश रेखांश उलटे झालेले, आणि सॅटेलाइटवर छप्पर दिसतंय पण बिंदू नाही अशा जागा, हे सगळं त्याच दिवशी पकडलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त होतं. क्यूजीआयएस हे कॉम्प्युटरवर नकाशे बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एवढ्यासाठी पुरतं. शिवाय दर दहा-वीस घरांमागे एका घरी दुसऱ्या जोडीला परत पाठवा. हे स्वयंसेवकांना आधीच सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपल्यावर संशय घेतला.

आणि माणसांच्या माहितीबद्दल कडक राहा. ओपनस्ट्रीटमॅपवर इमारत, रस्ता, विहीर, शाळा जाऊ द्या, पण कुटुंबाचं नाव, फोन, कोण आजारी, कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं हे तिथे कधीच टाकायचं नाही. ती यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून, दोन-तीन जबाबदार माणसांकडे, आणि दोन्हीला जोडणारा फक्त घराचा नंबर. फॉर्म भरण्याआधी घरच्यांना ही माहिती कोण बघणार ते साध्या भाषेत सांगा. काम झाल्यावर स्वयंसेवकांच्या मोबाइलमधला डेटा आणि फोटो पुसून घ्या, आणि भरलेल्या कागदांचे गठ्ठे कुलपात ठेवा.

छापलेला मोठा नकाशा गावात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी चार दिवस लावा, त्यावर नावं नकोत, नुसती घरं आणि नंबर. लोक येऊन आपलं घर शोधतात आणि राहिलेलं घर तिथेच सांगतात, म्हणून शेजारी पेन बांधून ठेवा. पुढे नवं घर झालं, कोणी सोडून गेलं तर कळवायला प्रत्येक वस्तीत एक माणूस नेमा आणि दर सहा महिन्यांनी त्याच्याकडून बदल घेऊन नकाशावर तारीख टाकून नवी प्रिंट काढा, जुनी प्रिंट त्याच दिवशी काढून घ्या म्हणजे कोणी चुकून तीच घेऊन फिरणार नाही.